हृदयस्नायूच्या आजारात पूरक गोळ्या: काय घ्यावे, किती घ्यावे, काय टाळावे

कार्डिओमायोपॅथीचे, म्हणजे हृदयस्नायूच्या आजाराचे, निदान झाले की औषधांच्या चिठ्ठीशेजारी लवकरच दुसरी एक यादी तयार होते: को-क्यू टेन, माशाचे तेल, मॅग्नेशियम, कार्निटिन, ड जीवनसत्त्व. ही यादी डॉक्टरांनी दिलेली नसते. नातेवाईक, इंटरनेट आणि डबीवरची जाहिरात यांनी मिळून ती केलेली असते. तिच्यातल्या काही गोष्टी काही रुग्णांना खरोखर उपयोगी पडतात. मात्र कोणाला उपयोगी पडतील, हे डबीवर लिहिलेले नसते. ते बहुतेक वेळा रक्ताच्या तपासणीत कळते.

अमेरिकेतील हृदयरोग संघटनांनी २०२२ मध्ये हार्ट फेल्युअरसाठी (हृदय शरीराला पुरेसे रक्त पुरवू शकत नाही ती अवस्था) दिलेली मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत. हृदयाची पंपशक्ती कमी असलेल्या रुग्णाला जीवनसत्त्वे आणि पूरक गोळ्या उपचार म्हणून देऊ नयेत. नेमकी कमतरता सापडली तर ती भरून काढावी. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ चा तेवढा ‘विचार करता येईल’ असे म्हटले आहे, तेही मुख्य औषधांच्या जोडीला. पुढचे सगळे याच चौकटीत वाचा.

मुख्य औषधांना हात लावू नका

पूरक गोळ्यांनी होणारे सर्वांत मोठे नुकसान त्यांच्या दुष्परिणामांतून होत नाही. ‘आता बरे वाटते आहे, नैसर्गिक गोळ्या चालू आहेतच’ असे म्हणून बीटा ब्लॉकर (ठोके मंद करणारे हृदयाचे औषध) किंवा इतर औषध बंद करण्यातून ते होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रेड-एचएफ या अभ्यासात डायलेटेड कार्डिओमायोपॅथीतून सावरलेले ५१ रुग्ण घेतले होते. त्यांना कसलाही त्रास नव्हता आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) हाही सुधारलेला होता. ज्यांची औषधे देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने काढली, त्यांच्यापैकी ४४ टक्के रुग्णांचा आजार सहा महिन्यांत उलटला. इकोवरचा चांगला आकडा हा औषध चालू असल्याचा परिणाम असतो, आजार संपल्याचा पुरावा नसतो.

दुसरी गोष्ट, आपला प्रकार कोणता हे नीट माहीत हवे. डायलेटेड प्रकारात हृदयाचा कप्पा फुगतो आणि आकुंचन कमजोर होते. हायपरट्रॉफिक प्रकारात भिंत जाड होते आणि बऱ्याच जणांत रक्त बाहेर पडण्याच्या वाटेत अडथळा येतो. रिस्ट्रिक्टिव्ह प्रकारात हृदय ताठ होते. त्यामागे साठलेले अमायलॉइड नावाचे प्रथिन किंवा साठलेले लोह असू शकते. अरिदमोजेनिक प्रकारात मुख्य धोका ठोक्यांच्या गडबडीचा असतो. एकाला चालणारी गोळी दुसऱ्याला घातक ठरू शकते. ‘हार्ट सपोर्ट’ असे मोघम लिहिलेल्या मिश्रणांपासून म्हणूनच लांब राहावे.

पहिली गोळी घेण्याआधी रक्त द्या

क्रम महत्त्वाचा आहे. थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) किंवा सेलेनियमची गोळी आठवडाभर घेऊन मग तपासणी केली, तर मूळ कमतरता झाकली जाते आणि पुढे काय करायचे हे कोणालाच कळत नाही. डॉक्टरांशी बोलून या तपासण्या करून घ्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (या दोन्हींतून लोह कळते), पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (मूत्रपिंड किती काम करते ते सांगणारे आकडे), थायरॉइड, ड जीवनसत्त्व. थायमिन, सेलेनियम आणि कार्निटिन सगळ्यांचे तपासण्याची गरज नसते. लघवी वाढवणाऱ्या गोळीची मोठी मात्रा बरेच महिने चालू असणे, दारूचे व्यसन, वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, दीर्घकाळ शिरेवाटे पोषण, सतत उलट्या किंवा अगदी तोकडा आहार, यांपैकी काही असेल तरच ते पाहावे. लहान मुलांचा प्रश्न वेगळा आहे. तो खाली येतोच.

लोह: कमतरता सर्रास, पण गोळीचा उपयोग थोडाच

हार्ट फेल्युअरमध्ये लोहाची कमतरता नेहमीच्या निकषांनी ओळखता येत नाही. शरीरात दाह असतो आणि दाहामुळे फेरिटिन वाढलेले दिसते. म्हणून इथे फेरिटिन १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असणे, किंवा १०० ते २९९ च्या दरम्यान असून ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असणे, याला कमतरता धरतात. प्रयोगशाळेच्या कागदावर फेरिटिन ६० असले तरी ‘नॉर्मल’ असे छापलेले असते आणि विषय तिथेच संपतो. तो संपू देऊ नका. हिमोग्लोबिन ठीक असतानाही ही कमतरता दम आणि थकवा वाढवते.

कमतरता सापडली की पहिला विचार लोहाच्या गोळीचा येतो. पंपशक्ती कमी असलेल्या रुग्णांत ती जवळजवळ कुचकामी ठरते. २०१७ च्या आयर्नआउट या अभ्यासात २२५ रुग्णांपैकी निम्म्यांना १५० मिलिग्रॅम लोह दिवसातून दोनदा, असे १६ आठवडे दिले. व्यायामक्षमतेत काहीही फरक पडला नाही. दाहामुळे यकृतात हेपसिडिन नावाचे संप्रेरक वाढते आणि ते आतड्यातून लोह शिरण्याची वाट बंद करते. गोळी पोटात जाते, बद्धकोष्ठ करते आणि बाहेर पडते. या रुग्णांना लोह शिरेतून द्यावे लागते. त्याने थकवा, दम आणि चालण्याची क्षमता सुधारते. शिरेतून फेरिक कार्बोक्सिमाल्टोज वारंवार घेतल्यास फॉस्फेट उतरू शकते. इंजेक्शननंतर थकवा उलट वाढला तर फॉस्फेट तपासायला सांगा.

आणि लोह तपासल्याशिवाय घेऊ नये, याचे आणखी मोठे कारण आहे. जास्तीचे लोह स्वतःच हृदयस्नायू खराब करते. हिमोक्रोमॅटोसिसमध्ये (शरीरात लोह साठत जाणारा आजार) आणि वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या रुग्णांत नेमके हेच घडते. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ४५ टक्क्यांच्या वर असेल तर लोह असलेली मल्टिव्हिटॅमिनही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

थायमिन: स्वस्त, सुरक्षित आणि वेळेवर दिले तर जीव वाचवणारे

बी-१ जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा फार थोडा असतो. आहारातून मिळणे थांबले तर दोन-तीन आठवड्यांत तो संपायला लागतो. त्याच्या तीव्र कमतरतेने होणारी ओली बेरीबेरी म्हणजे हार्ट फेल्युअरच: सूज, दम, धडधड. फ्युरोसेमाइडसारख्या गोळ्यांनी लघवी वाढली की तिच्याबरोबर थायमिनही वाहून जाते.

जोखीम असलेल्या रुग्णाला साधारणपणे दिवसाला १०० मिलिग्रॅम तोंडाने देतात. तपासणी करायची असेल तर अखंड रक्तातले थायमिन डायफॉस्फेट मोजावे. नुसत्या सीरममधला आकडा कालच्या जेवणावर हलतो. दारूच्या व्यसनातला किंवा अनेक दिवस उपाशी राहिलेला रुग्ण अचानक खूप बिघडला, तर मात्र गोळीत वेळ घालवू नये. तिथे इंजेक्शन लागते, आणि ते ग्लुकोज चढवण्याआधी किंवा निदान त्याच्या बरोबर द्यावे, कारण ग्लुकोज वापरताना उरलेसुरले थायमिनही खर्च होते. कमतरता नसलेल्या रुग्णात थायमिनने पंपशक्ती वाढते, असे मात्र दिसलेले नाही.

मॅग्नेशियम आणि पोटॅशियम: हातचे औषध नव्हे

लघवीच्या गोळ्यांनी दोन्ही क्षार उतरतात आणि दोन्ही उतरले की ठोके बिघडतात. मॅग्नेशियम कमी असेल तर पोटॅशियम कितीही दिले तरी टिकत नाही, मूत्रपिंड ते बाहेर टाकत राहते. त्यामुळे पोटॅशियम वर येत नसेल तर आधी मॅग्नेशियम पाहावे.

मॅग्नेशियमच्या डबीवर फसगत हमखास होते. ‘मॅग्नेशियम ऑक्साइड ४०० मिलिग्रॅम’ म्हणजे प्रत्यक्ष मॅग्नेशियम सुमारे २४०. सायट्रेट असेल तर वजनाच्या जेमतेम १६ टक्के. ‘एलिमेंटल’ या शब्दापुढचा आकडा धरायचा. १०० ते २०० मिलिग्रॅमपासून सुरुवात करा. जुलाब लागले तर मात्रा जास्त झाली किंवा ऑक्साइड पोटाला मानवत नाही. जुलाबातून पाणी आणि पोटॅशियम आणखी जाते, म्हणून ते सहन करत बसू नका. ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर मॅग्नेशियम स्वतःहून अजिबात घ्यायचे नाही.

पोटॅशियमची गोष्ट अधिक धोक्याची आहे. एसीई इनहिबिटर, सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन, स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन ही सगळी औषधे पोटॅशियम शरीरात अडवून धरतात. त्यात ‘कमी सोडियमचे मीठ’ आले की गणित बिघडते. त्यातला मुख्य घटक पोटॅशियम क्लोराइड असतो. निव्वळ पोटॅशियम क्लोराइडच्या एका लहान चमच्यात सुमारे अडीच ते तीन ग्रॅम पोटॅशियम जाते. मिठाला पर्याय म्हणून घरात आलेली ही पुडी रुग्णाला अतिदक्षता विभागात नेऊ शकते. घरात ती असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण तिला कोणीच ‘औषध’ समजत नाही आणि ती विचारण्यातून सुटते.

सेलेनियम, ड जीवनसत्त्व, कार्निटिन

सेलेनियमच्या कमतरतेने हृदयस्नायू खराब होतो, हे चीनच्या केशान परगण्यावरून नाव पडलेल्या केशान रोगाने दाखवून दिले. तिथल्या मातीतच सेलेनियम कमी होते आणि सोडियम सेलेनाइट देऊन रोग आटोक्यात आला. यावरून ‘सेलेनियम हृदयाला चांगले’ असा सरसकट अर्थ काढू नये. प्रौढाची गरज दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम. एका गोळीत २०० असतात, मल्टिव्हिटॅमिनमध्ये आणखी थोडे, आणि अशी बेरीज वर जाते. केस गळणे, नखे ठिसूळ होणे, श्वासाला लसणासारखा वास ही जास्त झाल्याची लक्षणे.

ड जीवनसत्त्व रक्तात कमी असेल तर हाडांसाठी भरून काढा. हृदयासाठी मोठी मात्रा मात्र नको. २०१७ च्या इव्हिटा अभ्यासात हार्ट फेल्युअरच्या ४०० रुग्णांना तीन वर्षे रोज ४००० युनिट ड जीवनसत्त्व किंवा नकली गोळी दिली. मृत्यू कमी झाले नाहीत. उलट हृदयाला आधार देणारा कृत्रिम पंप बसवण्याची वेळ ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांवर जास्त आली. डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध चालू असेल तर सावधगिरी दुप्पट: ड जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने कॅल्शियम चढते आणि डिगॉक्सिनची विषबाधा सोपी होते. तान्ह्या बाळात चित्र उलटे असू शकते. मुडदूस आणि फार उतरलेले कॅल्शियम यांमुळे हृदय फुगलेले असेल, तर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हाच मुख्य उपचार असतो आणि हृदय बहुतेक वेळा सावरते.

कार्निटिनबाबतही मुलांचा विचार आधी. प्रायमरी कार्निटिन डेफिशियन्सी या आनुवंशिक आजारात पेशींना कार्निटिन आत घेता येत नाही, चरबी जाळता येत नाही आणि हृदयस्नायू कमजोर होतो. रक्तातले फ्री कार्निटिन आणि अ‍ॅसिलकार्निटिन तपासून ते कळते. उपचारात एल-कार्निटिन साधारण दिवसाला एकूण १०० ते २०० मिलिग्रॅम प्रति किलो, तीन वेळा विभागून, जन्मभर देतात. मात्रा रक्ततपासणीवर ठरते. अंगाला माशासारखा वास येणे आणि जुलाब हे नेहमीचे त्रास आहेत, पण त्यासाठी औषध बंद करणे जिवावर बेतू शकते. लहान मुलाला अकारण कार्डिओमायोपॅथी झाली असेल तर ही तपासणी झाली का, हे पालकांनी विचारलेच पाहिजे. कमतरता नसलेल्या प्रौढाने व्यायामशाळेतल्या कार्निटिनवर पैसे घालवू नयेत.

कमतरता नसतानाही ज्यांचा विचार करता येतो

को-क्यू टेन हा पेशीतल्या ऊर्जानिर्मितीचा घटक. क्यू-सिम्बिओ या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४२० रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना १०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, दोन वर्षे दिले. हृदयाशी संबंधित मोठ्या घटना को-क्यू टेनच्या गटात १५ टक्के आणि नकली गोळीच्या गटात २६ टक्के घडल्या. आकडे आकर्षक आहेत, पण अभ्यास लहान आहे आणि आजची काही प्रभावी औषधे येण्याआधीचा आहे. पहिल्या १६ आठवड्यांत तर फरक दिसलाच नव्हता. डायलेटेड प्रकाराच्या रुग्णाने मुख्य औषधे पूर्ण मात्रेत चालू असताना, डॉक्टरांना सांगून, हा प्रयोग करून पाहायला हरकत नाही.

घ्यायचे तर तेलात विरघळलेल्या कॅप्सूल निवडा आणि स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणाबरोबर घ्या. कोरडी पावडर उपाशीपोटी घेतली तर फार थोडे शोषले जाते. युबिक्विनॉल हा प्रकार महाग असतो. वरचा अभ्यास युबिक्विनोनवर झालेला आहे. झोप लागत नसेल तर शेवटची मात्रा संध्याकाळपूर्वी घ्या. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास धोका लक्षात ठेवा: को-क्यू टेनची रचना के जीवनसत्त्वासारखी आहे, त्यामुळे आयएनआर (रक्त किती पातळ झाले ते सांगणारा आकडा) खाली येऊ शकतो. सुरू करताना आणि बंद करतानाही आठवड्याच्या आत आयएनआर पाहावा.

ओमेगा-३ चा फायदा खरा आहे, पण लहान. २००८ च्या गिसी-एचएफ अभ्यासात ६९७५ रुग्णांपैकी निम्म्यांनी रोज १ ग्रॅम घेतले; सुमारे चार वर्षांत मृत्यू २७ टक्के, तर नकली गोळीच्या गटात २९ टक्के. म्हणजे एक मृत्यू टाळायला ५६ जणांनी तितका काळ गोळी घ्यावी लागते. ‘फिश ऑइल १००० मिलिग्रॅम’ लिहिलेल्या साध्या कॅप्सूलमध्ये ओमेगा-३ चे घटक ईपीए १८० आणि डीएचए १२०, मिळून ३०० मिलिग्रॅमच असतात. उरलेले नुसते तेल. मात्रा मोजताना या दोघांचीच बेरीज करा. १ ग्रॅमच्या पुढे जाऊ नका, कारण मात्रा वाढली तसा एट्रियल फिब्रिलेशनचा (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतल्या अनियमित ठोक्यांचा) धोका वाढतो आणि आजारी हृदयाला तो परवडत नाही. ज्यांना हा त्रास आधीच आहे त्यांनी विचारूनच घ्यावे. कॉड लिव्हर ऑइल ही वेगळी वस्तू आहे: त्यात अ आणि ड जीवनसत्त्व असते, आणि ओमेगा-३ ची मात्रा गाठायला गेलात तर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो.

घरात ठेवूच नयेत अशा गोष्टी

वजन कमी करण्याच्या आणि व्यायामाआधी घेण्याच्या पावडरींत कॅफिनचा मारा, सिनेफ्रिन किंवा योहिम्बिन असते. कोणत्याही प्रकारच्या कार्डिओमायोपॅथीत त्या बाद. हायपरट्रॉफिक प्रकारात अडथळा असेल तर आर्जिनिन, सिट्रुलिन आणि बिटाच्या नायट्रेटची पूरकेही टाळा. त्यांनी रक्तवाहिन्या सैल होतात, दाब उतरतो आणि अडथळा वाढून चक्कर येऊ शकते; ‘रक्तप्रवाह सुधारतो’ ही जाहिरात इथे उलटी पडते.

ज्येष्ठमधाचा अर्क सोडियम अडवतो आणि पोटॅशियम उतरवतो. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती यकृतातली एन्झाइमे आणि आतड्यातली औषध बाहेर टाकणारी प्रथिने चेतवून वॉरफरिन आणि डिगॉक्सिनचा असर कमी करते. हायपरट्रॉफिक प्रकारासाठी मॅव्हाकॅम्टेन घेणाऱ्यांनी तर त्याला हातही लावू नये. रेड यीस्ट राइसमध्ये असते ते मोनाकोलिन के म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचे औषधच, त्यामुळे स्टॅटिनवर स्टॅटिन होते. ई जीवनसत्त्व रोज ४०० युनिट घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर वाढल्याचे २००५ मध्ये होप-टू अभ्यासात दिसले. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत काही शे मिलिग्रॅम सोडियम असू शकते. जेवणातले मीठ मोजून खाणाऱ्यांनी हेही मोजावे.

दोन गोष्टी शरीरापेक्षा तपासणीचा कागद बिघडवतात. क्रिएटिनच्या पावडरीने क्रिएटिनिन वाढलेले दिसते आणि मूत्रपिंड बिघडले समजून चांगले चाललेले औषध कमी केले जाऊ शकते. केस-नखांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन ५ ते १० मिलिग्रॅम असते, गरज फक्त ३० मायक्रोग्रॅमची. काही यंत्रपद्धतींत त्यामुळे ट्रोपोनिन (हृदयस्नायूची इजा दाखवणारी तपासणी) खोटे कमी येते आणि थायरॉइडचे आकडे खोटे बदलतात. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ते बंद ठेवा. छातीत दुखून तातडीने जावे लागले तर पहिल्याच मिनिटाला डॉक्टरांना सांगा.

सुरू करताना आणि पुढे

एका वेळी एकच गोष्ट सुरू करा आणि दुसरीआधी किमान तीन आठवडे जाऊ द्या. तीन डब्या एकदम उघडल्या आणि अंगावर पुरळ आले, तर कोणती बंद करायची? एकाच घटकाचे उत्पादन घ्या. यूएसपी किंवा एनएसएफसारख्या स्वतंत्र संस्थेची तपासणीखूण असेल तर बरे. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ असे लिहून घटकांची मात्रा लपवलेली असेल तर ती परत ठेवा.

वेळा जुळवताना थायरॉइडच्या गोळीपासून मॅग्नेशियम, लोह आणि कॅल्शियम चार तास लांब ठेवा. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे अँटिबायोटिक चालू असेल तितके दिवस ही खनिजे बंदच केली तर घोटाळा टळतो.

रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर वजन लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते अंगात साठलेले पाणी आहे; त्यावर कोणतीही पूरक गोळी चालत नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. बेशुद्ध पडणे, सपाट झोपता न येणे किंवा थांबत नसलेली धडधड असेल तर सरळ रुग्णालय गाठा.

को-क्यू टेनला सहा महिने द्या. आधी ठरवून ठेवा की काय सुधारले म्हणजे उपयोग झाला असे मानायचे: किती जिने न थांबता चढता येतात, सहा मिनिटांत किती मीटर चालता येते, एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) किती. इजेक्शन फ्रॅक्शन (पंपशक्तीचा टक्का) ३५ चे ४० झाले यावर लगेच हुरळू नका. पाच टक्क्यांचा फरक मोजणाऱ्याच्या हातानेही पडतो. शिवाय मुख्य औषधे सुरू झाल्यावर पहिल्या तीन ते सहा महिन्यांत पंपशक्ती त्यांच्यामुळेच सुधारते आणि श्रेय फुकटचे डबीला मिळते. म्हणून औषधांची मात्रा स्थिर झाल्यावरच हा प्रयोग सुरू करावा. सहा महिन्यांनी ठरवलेल्या मोजमापांत काही हलले नसेल तर गोळी बंद करा, वॉरफरिन चालू असेल तर आयएनआर पाहा आणि डॉक्टरांकडच्या यादीतून तिचे नाव खोडून घ्या.